सांजोवेझे वाइन: सारखे विचारले जाणारे प्रश्न, आणि सोबत खायचं काय

नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षं इटलीत सिएनाला काढली, तिथे रोज जेवायला बसलं की टेबलावर हीच वाइन असायची. परत आल्यावर मित्रमंडळींना पाजायला लागलो तर प्रत्येक जण तेच ते विचारतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. मी काही वाइनचा कोर्स वगैरे केलेला नाही, नुसता खाऊनपिऊन शिकलोय. घाई असेल त्यांनी फक्त 'आंबट लागली' वाला प्रश्न वाचा, बाकी सगळं त्याच्याच भोवती फिरतं.

हे म्हणायचं नक्की कसं?

सां-जो-वे-झे. स्पेलिंग बघून लोक सांगिओव्हेसे म्हणतात, दुकानदार तर काहीही म्हणतो, चालतंय. नावाचा अर्थ सांगतात तो म्हणजे 'ज्युपिटर या रोमन देवाचं रक्त', लॅटिनमधून आलेला. रोमान्या भागात सांतार्कांजेलो म्हणून गाव आहे, तिथल्या मठातल्या साधूंनी पाहुण्यांना वाइनचं नाव सांगताना हे सुचवलं अशी कथा आहे. कथा म्हणून छान आहे, त्यापेक्षा जास्त भाव देऊ नका. लेखी उल्लेख मात्र खरा आणि जुना आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी जोव्हान वेत्तोरियो सोदेरिनी नावाच्या फ्लॉरेन्सच्या माणसाने या द्राक्षाबद्दल लिहून ठेवलंय की वाइन चांगली होते, पण करणाऱ्याने लक्ष दिलं नाही तर व्हिनेगर होऊन बसते. म्हणजे आंबटपणाची तक्रार चारशे वर्षांपासूनची आहे, तुम्ही पहिले नाही.

हे द्राक्ष आहे की वाइन? मग किआंती म्हणजे काय?

सांजोवेझे हे द्राक्ष, किआंती ही जागा. हापूस आणि देवगडचं जसं आहे ना तसंच, फक्त इटालियन लोक पेटीवर 'देवगड' एवढंच छापतात आणि आत हापूस आहे हे तुम्हाला माहीत असेलच असं धरून चालतात. त्यामुळे दुकानात सांजोवेझे शोधायला गेलात तर दिसणार नाही आणि समोर दहा बाटल्या त्याच्याच असतील.

टस्कनी म्हणजे सिएना-फ्लॉरेन्सचा प्रांत, तिथली मोठी नावं सांगतो. किआंतीमध्ये कमीत कमी ७० टक्के सांजोवेझे लागतं. किआंती क्लासिको म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधला मूळचा डोंगराळ भाग, तिथे ८० टक्के, आणि बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असतो. त्या कोंबड्याची पण गोष्ट आहे: दोन्ही शहरांची हद्दीवरून भांडणं, शेवटी ठरलं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघायचा आणि जिथे भेटतील तिथे हद्द. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो बिचारा पहाटेच्या आधीच बोंबलायला लागला, आणि त्यांचा स्वार पार सिएनाच्या जवळ पोचला. सिएनात ही गोष्ट सांगू नका, अजून राग आहे. मी ऑफिसात सांगून बघितली होती.

पुढे ब्रुनेल्लो दि मोंताल्चीनो, ही शंभर टक्के सांजोवेझे, दुसरं काही मिसळायचं नाही. वीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो, तिथे याच द्राक्षाला प्रुन्योलो जेंतिले म्हणतात. आणि समुद्राकडच्या भागात मोरेल्लिनो दि स्कान्सानो, त्यात ८५ टक्के. फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर पण हेच द्राक्ष निएलुच्यो नावाने लावतात. एका माणसाची शाळेतली, घरातली आणि गल्लीतली नावं वेगळी असतात तसा प्रकार.

मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो घेतली, तीच ना ही?

नाही! यात सगळे फसतात, मी पण फसलोय. टस्कनीत मोंतेपुल्चानो हे गाव आहे आणि आब्रुत्सो या वेगळ्याच प्रांतात मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे, दोघांचा काही संबंध नाही. आब्रुत्सोवाली जास्त गडद आणि मऊ असते, आंबटपणा कमी. वाईट नाहीये, पण वेगळी आहे.

चव कशी असते?

रंग बघून आधी वाटतं पातळ आहे, कारण गडद जांभळी नसते, माणकासारखी लाल असते आणि जुनी झाली की कडेला विटकरी होत जाते. वास आंबट चेरीचा, म्हणजे ज्यांनी चेरी फक्त केकवर खाल्लीय त्यांनी लाल आलुबुखार आठवावा. त्याच्या मागे वाळलेला ओवा-पुदिना टाइप पाल्याचा वास, थोडा टोमॅटोच्या पानाचा (कुंडीतलं झाड हाताळल्यावर बोटांना येतो तो), कोरा चहा, जुनी झाली तर चामडं आणि तंबाखू. तोंडात गेल्यावर आधी आंबट, मग तुरट. गोडपणा नाही. फ्रूटी, गुळगुळीत वाइन आवडत असेल तर पहिल्या घोटाला तोंड वाकडं होणार हे गृहीत धरा.

मला तर आंबट लागली, बाटली खराब आहे का?

बहुतेक नाही. तुम्ही ती नुसती प्यायलात, इतकंच झालंय. पार्टीत सोफ्यावर बसून, हातात ग्लास, समोर फार तर वेफर्स, अशी ही वाइन पिणं म्हणजे भात न घेता नुसतं लोणचं खाण्यासारखं आहे, आणि मग म्हणायचं लोणचं फार खारट आहे. टस्कनीत मी कुणाला ही वाइन जेवणाशिवाय पिताना क्वचितच बघितलं, काही नाही तर पावाचा तुकडा आणि ऑलिव्ह ऑइल तरी असतंच.

आता गंमत अशी की यात दोन गोष्टी एकदम चालू असतात. पहिली आंबटपणा. लाडू खाऊन लगेच चहा प्यायला की चहा अगोड लागतो, हे सगळ्यांना माहितीय, साखर तेवढीच असते पण जीभ आधीच्या गोडाशी तुलना करते. आंबटाचं पण तसंच. टोमॅटोचा सॉस खाऊन घोट घेतला की वाइनमधला आंबटपणा मागे जातो आणि चेरी पुढे येते. उलट जेवण आंबट आणि वाइन मऊ असेल तर वाइन एकदम बेचव, पाणीदार लागते. दुसरी गोष्ट तुरटपणा, तो टॅनिनमुळे येतो, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते तोच प्रकार. टॅनिनला प्रोटीन सापडलं की ते त्याला चिकटतं, कोऱ्या चहात दूध घातल्यावर तुरटपणा जातो तो यामुळेच. मटण, चीज, कडधान्य यातलं काहीतरी तोंडात असलं तर टॅनिन तिकडे गुंतून पडतं आणि तुमच्या जिभेला सोडतं. वर मीठ आणि तेल-तूप असेल तर अजून सोपं.

हां, एक मात्र. नेलपॉलिशसारखा झणझणीत वास येत असेल किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास असेल तर ती खरंच खराब आहे, परत करा.

मग तिथले लोक कशाबरोबर पितात?

हा माझा आवडता प्रश्न. सगळ्यात फेमस म्हणजे बिस्तेक्का आल्ला फियोरेन्तिना, गाईचा मोठा हाडासकटचा तुकडा, तीन-चार बोटं जाड, निखाऱ्यावर बाहेरून करपवलेला आणि आत लालच. वजनावर विकतात, एक तुकडा किलोच्या वर जातो, एकट्याने मागवायची गोष्ट नाही ती. वर मीठ, मिरपूड, तेल, संपलं. कोणी 'वेल डन' मागितलं की वेटर तुमच्याकडे असं बघतो की जणू तुम्ही वरणभातावर केचप मागितलंय. जे बीफ खात नाहीत त्यांनी वाचून सोडून द्या, पुढे भरपूर आहे.

माझ्या मते खरी जोडी पास्त्याची आहे. सिएनाकडे पीची मिळतात, हाताने वळलेल्या जाडजूड शेवया, मैदा आणि पाणी, शक्यतो अंडं नाही. त्यावर आल्योने नावाचा सॉस, आल्योने म्हणजे वाल दि कियाना भागातला अवाढव्य लसूण, एकेक पाकळी आपल्या अख्ख्या गड्ड्याएवढी पण चवीला सौम्य. लसूण, टोमॅटो, ऑलिव्ह ऑइल, किंचित मिरची. याच्याबरोबर साधी तरुण किआंती, महागडी नको. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा कळलं की ही वाइन मुळात या ताटासाठीच बनलीय. दुसरी जोडी रानडुकराची, चिंग्याले म्हणतात, मटण वाइनमध्ये तासन्‌तास शिजवतात आणि रुंद पट्टीच्या पाप्पार्देल्ले पास्त्यावर घालतात, तिथे मात्र जरा वजनदार बाटली हवी, क्लासिको रिझेर्व्हा (जास्त मुरवलेली) वगैरे.

मग छोट्या गोष्टी. कोंबडीच्या काळजाची पेस्ट लावलेले क्रोस्तिनी. बडीशेप घातलेलं फिनोक्योना सलामी. पिएन्झा गावचं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, हे जितकं मुरलेलं तितकं वाइनला बरं. आणि फेत्तुन्ता, भाजलेल्या पावावर लसूण चोळायचा आणि नोव्हेंबरमधलं ताजं हिरवं तेल ओतायचं. टस्कनीचा पाव अळणी असतो, मीठच नाही. सुरुवातीला मला वाटलं बेकरीवाला विसरला. नंतर लक्षात आलं की सलामी, चीज सगळं एवढं खारट आहे की पाव अळणी असलेलाच बरा, आपल्याकडे भाकरी जशी सोबतीला असते तशी.

मी शुद्ध शाकाहारी, माझं काय?

तुमची मजा आहे उलट. टस्कनीचं जुनं जेवण गरीब शेतकऱ्यांचं, रोज मांस कुठून येणार. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरा राजमा आणि काळी कोबीची पानं यांचं घट्ट सूप, नावाचा अर्थच 'परत उकळलेलं'. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे शिळा पाव टोमॅटोत शिजवून केलेला लगदा, आपल्या फोडणीच्या पोळीचा चुलतभाऊ म्हणा. दोन्ही या वाइनबरोबर फार भारी लागतात. साधा मार्गेरिता पिझ्झा तर सगळ्यात सोपा.

फक्त दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पेकोरिनो, पार्मिजानो ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणारा पाचक रस) विरजलेली असतात, कडक शाकाहारी असाल तर लेबल बघा. आणि रेड वाइन निवळायला पूर्वीपासून अंड्याचा पांढरा बलक वापरतात. सगळे वापरत नाहीत, पण बाटलीवर 'व्हीगन' लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला.

मासे चालतील का?

तळलेला बोंबील, बांगडा यांच्याबरोबर नको, रेड वाइन आणि तेलकट मासा एकत्र आले की तोंडात लोखंडी चव येते, वाइनमध्ये लोह असतं त्यामुळे. पण लिव्होर्नो बंदरावर काच्चुक्को नावाचा माशांचा रस्सा करतात, त्यात टोमॅटो असतो आणि चक्क रेड वाइनच ओततात, तो लाल वाइनबरोबरच खातात. म्हणजे टोमॅटो मध्ये पडला की भांडण मिटतं.

आपल्या मराठी जेवणाबरोबर जमते का?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि याचं उत्तर लोकांना आवडत नाही. झणझणीत जेवणाबरोबर नाही जमत. तांबडा रस्सा, मिसळ, ठेचा, यांच्याबरोबर ही वाइन प्यायलात तर मिरचीची आग, अल्कोहोलची आग आणि वर तुरटपणा, तिन्ही मिळून तोंडाची वाट लागते, आणि बाटलीचे पैसे गेले ते वेगळेच. त्यासाठी ताक आहे ना. गोडसर आंबट आमटी, चिंच-गूळ घातलेली, ती पण नको कारण गुळाने वाइन अजून आंबट होते, परत लाडू-चहाचाच हिशोब.

जमतं काय, तर भाजलेलं वांग्याचं भरीत, तिखट बेताचं, वर कच्चं तेल. खिमा पाव, टोमॅटो जरा सढळ हाताने घातलेला आणि हिरवी मिरची कमी. थालीपीठ आणि लोणी, हे मला अपघाताने कळलं, धण्याजिऱ्याचा खमंगपणा आणि लोण्याचा स्निग्धपणा या वाइनला फार मानवतो. मटण सुकं, काळ्या मसाल्यातलं पण तिखट निम्मं. थोडक्यात खमंग चालेल, तिखट नाही. कोणी म्हणेल तिखट कमी करून मटण खायचं तर वाइन हवीच कशाला, तर तेही बरोबर आहे, वाद घालत नाही.

ब्रुनेल्लो एवढी महाग का?

थांबावं लागतं म्हणून. मोंताल्चीनो सिएनाच्या दक्षिणेला, जरा गरम आणि कोरडं, त्यामुळे द्राक्ष जास्त पिकतं. तिथल्या फेरुच्यो ब्योन्दी-सान्तीने एकोणिसाव्या शतकात, बाकीचे सगळे द्राक्षं मिसळून झटपट प्यायची वाइन करत होते तेव्हा, नुसत्या सांजोवेझेची आणि वर्षानुवर्षं टिकणारी वाइन करायचं डोक्यात घेतलं, १८८८ची त्यांची बाटली प्रसिद्ध आहे. आजचा नियम असा की कमीत कमी दोन वर्षं लाकडी पिंपात, आणि द्राक्ष तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीच्या आधी विकायचीच नाही. एवढी वर्षं पैसे अडकून पडणार, मग किंमत येणारच. गंमत म्हणजे ब्रुनेल्लो हे वेगळंच द्राक्ष आहे असं तिथले लोक बराच काळ समजायचे.

एवढे पैसे नसतील तर रोस्सो दि मोंताल्चीनो घ्या, तीच जागा, तेच द्राक्ष, कमी मुरवलेली. जेवणाबरोबर मला तर बऱ्याचदा तीच बरी वाटते. ब्रुनेल्लो उघडलीच तर दोनेक तास आधी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवा आणि सोबत मटण नाहीतर जुनं चीज, पिझ्झ्यावर वाया घालवू नका.

सुपर टस्कन म्हणतात ती यातलीच का?

कधी हो, कधी नाही. सुपर टस्कन म्हणजे टस्कनीत सरकारी नियम बाजूला ठेवून केलेली भारी वाइन. बेत्तिनो रिकासोली, जे इटलीचे पंतप्रधानही होते, त्यांनी १८७२ साली किआंती कशी करावी ते एका पत्रात लिहिलं, सांजोवेझे मुख्य, कानायोलो नावाचं दुसरं लाल द्राक्ष थोडं, आणि लगेच प्यायची असेल तर माल्व्हासिया हे पांढरं द्राक्ष. पुढे १९६७चे सरकारी नियम आले त्यात पांढरी द्राक्षं घालणं बंधनकारकच झालं आणि वाइन पातळ व्हायला लागली. काही जण वैतागले. आन्तिनोरी घराण्याने १९७१ची तिन्यानेल्लो किआंतीचं नाव न लावता काढली, नियम न पाळल्यामुळे ती कागदोपत्री साधी 'टेबल वाइन', किंमत मात्र भलतीच. ती मुख्यतः सांजोवेझेचीच आहे. सास्सिकाया ही दुसरी प्रसिद्ध सुपर टस्कन मात्र काबेर्ने सोविन्यों या फ्रेंच द्राक्षाची, तिचा सांजोवेझेशी संबंध नाही. आता किआंती क्लासिकोत पांढरी द्राक्षं २००६पासून बंद आहेत, म्हणजे शेवटी बंडखोरांचंच खरं झालं.

भारतात हे द्राक्ष पिकतं का?

पिकतं, आणि आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळ! फ्रातेल्ली म्हणून कंपनी आहे, इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, कारण भावांच्या तीन जोड्यांनी मिळून काढली, इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन करायला टस्कनीचे पिएरो मासी. त्यांची 'सेत्ते' सांजोवेझे आणि काबेर्नेची मिळून आहे. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, पावसाची धाकधूक असते कारण साल पातळ आणि द्राक्ष पिकायला उशीर लावतं. इकडे पावसाळा संपल्यावर छाटणी आणि तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चला. चवीला टस्कनीपेक्षा जास्त पिकलेली, मऊ, आंबटपणा जरा कमी, उन्हाचा परिणाम. पहिल्यांदा सांजोवेझे पिणाऱ्याला मी आधी इकडचीच देतो, मग किआंती.

गोडाबरोबर?

नाही. श्रीखंड, पुरणपोळी, चॉकलेट, सगळ्याला नाही. टस्कनीत जेवणानंतर बदामाची कडक बिस्किटं वीन सान्तोत बुडवून खातात, ती गोड वाइन आहे. तिचा ओक्यो दि पेर्निचे नावाचा प्रकार, म्हणजे तितराचा डोळा, त्यात मात्र वाळवलेलं सांजोवेझे असतं. मिळाली तर सोडू नका.

थंड करायची की नाही?

'रूम टेंपरेचर' हे युरोपातल्या दगडी घरांचं आहे, मे महिन्यातल्या पुण्याचं नाही. १६ ते १८ डिग्री हवी, म्हणजे उघडायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये. गरम झाली की नुसती दारूच नाकात जाते. ग्लास साधा चालतो, तिथल्या खानावळीत तर पाण्याच्या ग्लासातच देतात.

उरलेली बाटली किती दिवस राहते?

बूच लावून फ्रीजमध्ये तीन दिवस, आंबटपणा जास्त असल्याने बरी टिकते. त्यानंतर स्वयंपाकात. फ्लॉरेन्सजवळ इम्प्रुनेता गाव आहे, कौलं-विटांच्या भट्ट्यांचं, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाची कौलं तिथलीच. तिथले भट्टीवाले मांस, लसूण, भरपूर काळी मिरी आणि रेड वाइन मातीच्या भांड्यात घालून भट्टीच्या तोंडाशी ठेवून द्यायचे आणि कामाला लागायचे, त्याला पेपोझो म्हणतात. मी बोकडाची नळी आणि मांडी घेतो, अर्धा किलोला पाऊण बाटली, लसणाचे दोन गड्डे, दोन मोठे चमचे जाडसर कुटलेली मिरी, मीठ, आणि मंद गॅसवर तीन तास झाकून. कुकर लावू नका, वाइन आटायला पाहिजे. त्याच्याबरोबर प्यायला दुसरी बाटली लागते हा एक प्रॉब्लेम आहे.